सात पानांची फांदी

दसरा झाला की आठवडाभरात मी झाडं कापायची कात्री धार लावायला नेते. भिवंडीच्या बाजारात, कापडाच्या दुकानांच्या रांगेमागे एक म्हातारे चाचा बसतात. लूमवाल्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे आणि वर्षातून एकदा माझी कात्री. "टीचर, गुलाब का मौसम आ गया?" ते विचारतात, आणि मी हो म्हणते. खरं तर हा गुलाबाचा मोसम नव्हे, गुलाब कापायचा मोसम. फुलं यायला पुढे दीड महिना असतो. पण हे चाचांना कशाला शिकवायचं? शिकवायची खोड नोकरीबरोबर सुटेल असं वाटलं होतं, ती काही सुटलेली नाही.

या दिवसांत आमच्याकडे ऊन विचित्र पडतं. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो. खाडीवरचा वारा दुपारी पडतो आणि गोदामांच्या पत्र्यांवर तापलेली हवा कंपाउंडच्या भिंतीवरून आत येते. कोन गावाच्या बाजूला जी दोन-चार भातशेतं उरली आहेत ती पिवळी होऊन वाकलेली असतात. मी डोक्याला पंचा गुंडाळून बागेत उतरते. गुलाबाची तीसेक झाडं आहेत माझ्याकडे. लाल, पिवळी, जांभळट, आणि एक असं की त्याच्या रंगाला मराठीत नावच नाही. गुलाबाला दया दाखवून चालत नाही. बाहेरच्या अंगाचा डोळा, जिथून कोंब फुटतो तो, बघायचा, त्याच्यावर बोटभर जागा सोडायची आणि तिरका काप द्यायचा. आजूबाजूच्या बायका भिंतीवरून बघतात. "मॅडम, तुमचा हात लागला का झार फुलतंच," असं म्हणतात.

हे ऐकलं की मला कानकोंडं व्हायला होतं. कारण याच हाताने मी एक झाड मारलं आहे. ते माझ्या सासूबाईंचं होतं, आणि ते मेलं हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. उलट ते जगलं आहे असं सांगत राहिले. या गोष्टीला दहा वर्षं होतील. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये कात्री हातात आली की तो एक हिवाळा आठवतो, आणि मी ते सगळं बाजूला सारून कामाला लागते. या वर्षी कात्री धार लावून आणली आहे, पण पुढच्या बागेतली अजून एकही फांदी कापलेली नाही.

मी कल्याणची. लग्न होऊन या गावात आले तेव्हा घर कौलारू होतं, मागे न्हाणी, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर एक गुलाब. गुलाब म्हणायचं ते त्याच्या वासामुळे, नाहीतर ते एक काटेरी जाळं होतं. फूल छोटं, फिकट गुलाबी, पाकळ्यांची नुसती दाटी. सकाळी उमललं की दुपारपर्यंत गळून न्हाणीच्या दगडावर पसरायचं. पण वास असा की अंघोळ करून बाहेर पडणारा माणूस दोन क्षण तिथे रेंगाळायचाच. आई, म्हणजे सासूबाई, मासळी धुतलेलं पाणी त्याच्या बुंध्याशी ओतायच्या. वरती गुलाबाचा वास आणि खाली बोंबलाचा. हे मला सोसत नसे, त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. "त्याला आवरतं," त्या म्हणायच्या, म्हणजे आवडतं.

त्या गुलाबाची काडी त्यांनी पहिल्या माहेरपणाहून परतताना आणली होती. त्यांच्या आईच्या दारातल्या झाडाची. माहेर अंबाडीच्या पलीकडचं. पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा ते घरही गेलं आणि दारातलं झाडही गेलं, उरलं ते आमच्या न्हाणीमागचं एवढंच. आईंच्या तोंडी झाडाचं झार व्हायचं आणि काडीची कारी. सुरुवातीला मी ते सुधारायला जायची. त्या हसून म्हणायच्या, "शालेतल्या पोरांना सांग गो मास्तरीन, माजी जीभ आता वलायची न्हाय."

सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. तेव्हापासून आईंनी डोक्यात फूल घातलं नव्हतं. पण रोज सकाळी पहिलं उमललेलं फूल त्या खुडायच्या आणि माझ्यापुढे धरायच्या. मी सातची शाळा गाठायच्या घाईत असे. माझे केस खांद्यापर्यंत कापलेले, त्यात फूल कुठे राहणार? मी ते पर्समध्ये टाकायची आणि शाळेत गेल्यावर विसरायची. संध्याकाळी पर्समधून काळपट झालेल्या पाकळ्या निघायच्या. "डोक्यान घाल ना," आई म्हणायच्या, "पर्समंदी त्याचा लोनचा कशाला घालतेस?" मी हसायची. एकदाही ते फूल मी केसांत घातलं नाही. पिन लावून का होईना, एकदा घालायला काय हरकत होती, असं आता वाटतं.

मग जमीन गोदामाला गेली आणि आमचा बंगला झाला. आमच्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही. जुनं घर पाडून त्याच जागी बांधलं, पुढे मोकळी जागा सोडली, भराव घातला आणि मी जाहीर केलं की इथे गुलाबांची बाग होणार. यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मान डोलावली. कापडाच्या गाठी वाहणाऱ्या टेंपोंपलीकडे त्यांना कशातच फारसा रस नसतो, त्यामुळे ते कशालाच नाही म्हणत नाहीत. न्हाणीमागचं झाड मात्र आईंनी स्वतः खणून काढलं, बांधकाम चालू होतं तितके दिवस शेजारच्या परसात ठेवलं आणि नव्या घराच्या मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडाजवळ पुन्हा लावलं. ते तगलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही रोपं घ्यायला निघालो. वाडा रोडला, अंबाडीच्या अलीकडे एक नर्सरी होती. मी आईंना म्हटलं, चला तुम्हीही, तेवढंच बाहेर पडणं होईल. नर्सरीत ओळीने काळ्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीवर फुलाचा फोटो. मी रंग बघत होते. हा फाटकाशी, हा खिडकीखाली, हे दोन जोडीने. आई माझ्या मागून येत होत्या आणि एकेका फुलाला नाक लावत होत्या.

"याला वास न्हाय."

पुढची पिशवी. "यालाबी न्हाय."

"आई, हे बघायचे गुलाब असतात."

"बघाला मोरपीस हाय की. मंग गुलाब कशाला?"

नर्सरीवाला मोठ्याने हसला. "आजी बराबर बोलती है," म्हणाला. आईंनी त्याला विचारलं, "गावठी हाय का तुज्याकडं?" तो म्हणाला, "गावठी कौन लेता है आजी? एक दिवसात गळून जातो." आई मग एका उलट्या घमेल्यावर बसून राहिल्या आणि मी माझी निवड पुरी केली. फुलांनी लगडलेली रोपं मी उचलत होते. नर्सरीवाला सांगत होता की मॅडम, फूल देखके मत लो, कांडी बघा, जाड कांडीचं घ्या. मी त्याचं ऐकलं नाही. पण दुसरी एक गोष्ट त्याने सांगितली ती मात्र मी वहीत लिहून घेतली.

तो म्हणाला, हे सगळे गुलाब कलमी आहेत. खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि वर चांगल्या गुलाबाचा डोळा. कधी कधी खालचा खुंटच फुटतो. "पहचानना सोपं आहे. चांगल्या फांदीला एका देठावर पाच पत्ती. सात पत्ती दिसली तर समजा जंगली निघाला. वरून कापू नका, मुळापासून खेचून काढा. नहीं तो जंगली पूरा झाड खा जाएगा." मी शाळेत गणित शिकवत होते. पाच म्हणजे ठेवायचं, सात म्हणजे काढायचं, असा स्वच्छ नियम मिळाला की मला फार बरं वाटतं.

त्या वर्षीचा नोव्हेंबर मी बागेत काढला. निंबोळी पेंड, शेणखत, मावा, भुरी, असल्या शब्दांनी माझी वही भरत होती. भरावाची जमीन कोरडी, पाणी खूप पिणारी. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून मी बोअरची मोटार लावून पाइप सोडायची. बोअरचं पाणी मचूळ. साबणाला फेस येत नसे, त्यात डाळ शिजत नसे. आईंनी एकदा चुळकाभर तोंडात घेतलं आणि थुंकलं. "धुवाला चालंल. झाराला नको घालू, खाडीचा पानी हाय हा."

मी म्हटलं, "झाड काय चव बघतं का आई?"

त्या मागच्या झाडाला नळाचं पाणी तांब्याने घालत राहिल्या. मासळीचं पाणी मी बंदच केलं होतं. मांजरं येतात, पाहुण्यांना वास येतो. तेही त्यांनी ऐकलं. आज हे लिहिताना लक्षात येतं की त्या घरात मी सांगितलेलं त्या सगळं ऐकत होत्या, आणि त्यांनी सांगितलेलं मी हसण्यावारी नेत होते. तेव्हा याला मी आमचं छान जमतं असं म्हणायची.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नाचे दिवस सुरू झाले. आई माहेरच्या एका भाचीच्या हळदीला दोन दिवस गेल्या. तो रविवार होता. मी वही घेऊन प्रत्येक झाडाची पानं मोजायला बसले. कलमी झाडांत एक-दोन सात पानांच्या फांद्या सापडल्या, त्या खेचून काढल्या. फार कर्तबगार वाटलं. मग मी मागे गेले. आईंच्या झाडाला नवी लुसलुशीत फूट आली होती. पहिली फांदी मोजली, सात. दुसरी सात. तिसरी सात. एकूण एक फांदी सात पानांची.

गणिताच्या बाईने इथे थांबायला हवं होतं. सगळ्याच फांद्या जंगली, तर मूळ झाड गेलं कुठे? वर्गात एखाद्या मुलीने असं उत्तर काढलं असतं तर मी तिला म्हटलं असतं, जरा ताळा करून बघ. मी ताळा केला नाही. ते झाड कलमी नव्हतंच, काडीवर आलेलं होतं, त्याला खुंट नव्हता की डोळा नव्हता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ठरवलं की बिचाऱ्या झाडाला जंगली खुंटाने खाऊन टाकलं. आणि नियमाप्रमाणे एकेक फांदी बुंध्यापासून खेचून काढली. शेवटची निघेना तेव्हा खुरप्याने मुळं सैल केली. अर्ध्या तासात दगडाजवळची जागा मोकळी झाली. वहीत मी तशी नोंदही केली आणि तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

आई सोमवारी दुपारी आल्या. हातांना अजून हळद होती. पिशवीतले बुंदीचे लाडू माझ्या हातात देऊन त्या पाय धुवायला मागे गेल्या, आणि बराच वेळ नळाचा आवाज आला नाही. मी बाहेर गेले.

"झार कुठं गेला?"

मी सगळं समजावून सांगितलं. कलम, खुंट, पाच पानं, सात पानं. फळ्यावर सांगावं तसं. त्यांनी मधे न बोलता पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "असंल. तू शिकलेली हायस."

एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असतील असं मला वाटलंही नाही, कारण त्या दिसत नव्हत्या तशा. कचऱ्याच्या ढिगाशी जाऊन त्यांनी माझ्या त्या जंगली फांद्या उचलल्या, त्यांतल्या बऱ्या बघून नऊ काड्या कापल्या, टोकांना शेणाचे गोळे लावले आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात खोचल्या. डबा मागच्या भिंतीच्या सावलीत ठेवला. "बगू," म्हणाल्या. मी आत जाऊन लाडू डब्यात भरले.

बागेत मात्र तेव्हा बहर होता. फाटकाशी लाल, खिडकीखाली पिवळे. शाळेतल्या बाया मुद्दाम बघायला आल्या, फोटो काढून गेल्या. मी प्रत्येकीला पाच पानांचा नियम सांगितला.

संक्रांतीच्या चार दिवस आधी आई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड. कल्याणला ऑपरेशन झालं आणि त्या घरी आल्या त्या अंथरुणावरच. दिवसभराला एक बाई ठेवली. मी त्यांना समोरची खोली दिली. खिडकी बागेकडे उघडत होती, पडल्या पडल्या फुलं दिसतील, मन रमेल, असा माझा विचार. त्यांच्या काड्यांचा डबा घराच्या मागे होता, तिथून तो दिसणं शक्य नव्हतं, हे माझ्या विचारात नव्हतं. एकदा मी बागेतला सगळ्यात मोठा लाल गुलाब त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला, आणि परत पेल्यात ठेवून दिला.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "माज्या काऱ्यांना पानी घाल गो. तांब्यानी, वाईच."

मी रोज घातलं. कधी चुकवलं नाही, हे मात्र खरं. सकाळी साडेपाचला उठायची, मोटार लावायची, पाइप घेऊन पुढची बाग, मग मागे जाऊन डब्यात पाण्याची धार. नळाचं पाणी आईंच्या अंथरुणाच्या धुण्याला पुरत नव्हतं, ते तांब्यात धरून ठेवायचं कोणी? मोटार बंद करून, हात पुसत त्यांच्या खोलीत जायची आणि सांगायची, घातलं हो पाणी. मग शाळा, ट्युशन, डॉक्टर, स्वयंपाक. संध्याकाळी ती बाईच त्यांना भरवून जायची.

पहिले दहा-बारा दिवस काड्या हिरव्या होत्या. मग टोकाकडून काळ्या पडत गेल्या. मातीवर मिठासारखा पांढरा थर आला होता, तो मी खुरप्याने खरवडून टाकला. एक काडी उपटून बघितली तर खाली कुजलेली. दुसरी तशीच. त्या सकाळी खोलीत गेले तेव्हा आईंनी विचारलं, "फुटली का?"

मी म्हटलं, "फुटतायत."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की म्हाताऱ्या माणसाचं मन खचू देऊ नका. मी ते कारण पुढची कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की माझ्या हातून त्यांचं झाड दुसऱ्यांदा मेलं हे कबूल करायची मला लाज वाटली. आठवड्याने त्यांनी विचारलं, "किती पाना आली?" मला चांगल्या गुलाबाची पानं ठाऊक होती. मी म्हटलं, "पाच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बरां," म्हणाल्या.

त्यानंतरही रोज विचारायच्या. आणि मी काहीबाही सांगायची, एक फांदी वर आली, एकीला लालसर कोंब आहे. मेलेल्या नऊ काड्यांना मी रोज पाणी घालत होते, कारण नाही घातलं तर खोटं बोलल्यासारखं वाटलं असतं. आता हे वाचताना हसू येईल कुणाला. मला त्या वेळी ते अगदी बरोबर वाटत होतं.

फाल्गुनात पुढच्या बागेतल्या पानांच्या कडाही करपायला लागल्या. मी चार पानं कागदात गुंडाळून नर्सरीवाल्याकडे नेली. त्याने एक नजर टाकली आणि विचारलं, "पानी कौनसा देते?" मी सांगितलं. "खारा है मॅडम. गुलाब को चलता नहीं. घर में किसी ने बोला नहीं?"

मी म्हटलं, "नाही."

येताना रस्ताभर मला माझंच ते वाक्य ऐकू येत होतं, झाड काय चव बघतं का. मी टाकी बांधून घेतली, नळाचं पाणी साठवायला लागले आणि बाग वाचली. डब्यातल्या काड्यांना आता गोडं पाणी मिळून काही उपयोग नव्हता.

चैत्रात आईंची धाकटी बहीण त्यांना बघायला आली. ती अंबाडीच्या पलीकडेच दिलेली. दोघी बहिणी बोलत बसल्या आणि मी चहा टाकायला गेले. ट्रे घेऊन परत आले तेव्हा मावशी काड्यांबद्दल विचारत होती. आई जरा मोठ्याने म्हणाल्या, "सुनेनी जगवल्या. सात पाना फुटल्यान."

"सातच," मावशी म्हणाली. "आपल्या आईच्या झाराला सातच होती."

मी ट्रे खाली ठेवला. आईंनी माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघत होत्या. म्हणजे ते झाड जंगली झालेलं नव्हतं, ते तसंच होतं, पहिल्यापासून. आणि मी पाच म्हटलं त्याच दिवशी त्यांना सगळं कळलं होतं. तरी बहिणीपुढे त्या माझी बाजू घेत होत्या. मावशी मला म्हणाली, "पावसाला आला का मनाबी एक कारी दे गो." तिथेच सांगून टाकता आलं असतं. मी विचारलं, "मावशी, साखर किती?"

वैशाखात आई गेल्या. दुपारची वेळ होती, बाई कपडे वाळत घालत होती, मी शाळेच्या निकालपत्रकांवर सह्या करत होते. आमच्या बागेत फुलांना तोटा नव्हता. मी ओंजळी भरभरून आणली आणि त्यांच्या अंगावर वाहिली. तीस वर्षं फूल न घातलेल्या बाईला मी गुलाबांनी झाकून टाकलं, आणि त्यातल्या एकाही गुलाबाला वास नव्हता. तो दिवस मला आजही सहन होत नाही.

मावशी बाराव्याला आली, काडीचं काही बोलली नाही. त्यानंतर कुठल्या कार्यात भेटली की मीच आधी म्हणायची, पावसात देते हो मावशी. मग मी तिच्याकडची कार्यंच टाळायला लागले. शेवटी एका फुलवाल्याकडून पत्ता काढून एक गावठी गुलाब मिळवला आणि मागच्या बाजूला लावला. पानं मोजली, सात. फूलही तसंच, वासही बराचसा तसा. पण तो आईंचा नाही. यांना मी म्हटलंदेखील की याचीच काडी मावशीला दिली तर? हे म्हणाले, "दे की. तिला काय कळतंय?" हे बोलणं मला पटलं, याचंच मला वाईट वाटलं.

या वर्षी दसऱ्यानंतर मी खरंच एक काडी घेतली, ओल्या कागदात गुंडाळली, आणि अंबाडीला गेले. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आता ऐंशीच्या घरात आहे, पण नजर शाबूत. तिने काडी हातात घेतली, पानं मोजली, चुरगाळून वास घेतला. तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "माज्या आईचा झार."

मला ते बघवेना. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. फांद्या मी खेचल्या ते, बोअरचं पाणी, मेलेल्या काड्या, पाच पानं, आणि ही काडी बाजारातल्या झाडाची आहे तेही. मावशीने सूप बाजूला ठेवलं.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "चैतात आली तवाच ती मना बोलली. तू चाय कराला गेलतीस तवा. तिला मोटारीचा आवाज ऐकाला यायचा पडल्या पडल्या. बोलली, काऱ्या कवाच्या मेल्यान."

"मग मला का नाही बोलल्या?"

"मीबी तिला तेच इचारला. तर बोलते, नको सांगू तिला. सकाली पानी घालून येते, दोन मिन्टा माज्यापाशी बसते, काऱ्यांचा सांगते. मेल्या असा कलला तर ती कशाला येल?"

ती दोन मिनिटं मी रोज घड्याळाकडे बघत काढत असे.